घाटमाथ्यावरील परान्न

आपल्या धर्मशास्त्रकारांनी अन्नाविषयी जितका बारीक विचार केला आहे, तितका फारच थोड्या विषयांसंबंधी केला असेल. अन्न कोणते, ते कोणी शिजविले, कोणत्या पात्रात वाढले, पंक्तीस कोण बसले, या प्रत्येक प्रश्नास त्यांनी स्वतंत्र नियम घालून दिला आणि प्रत्येक नियमभंगास स्वतंत्र प्रायश्चित्त सांगितले. या सर्व विचाराचे सार एका शब्दात सांगावयाचे तर तो शब्द ‘परान्न’ हा होय. परान्न म्हणजे दुसऱ्याच्या घरचे अन्न. ते होईल तितके टाळावे, आणि टाळता न आल्यास निदान देणाऱ्याचे कुळ जाणून घ्यावे, ही आपल्या आजोबा-पणजोबांची शिकवण होती.

लोणावळ्यास नव्यानेच निघालेल्या एका भोजनगृहात रामेन नावाचा जपानी पदार्थ खाण्याचा योग गेल्या पावसाळ्यात आम्हांस आला, तेव्हा हा जुना शब्द आठवल्यावाचून राहिला नाही. तेथे पंक्ती नव्हती आणि चौरंग-पाटही नव्हते. स्वयंपाकघराकडे तोंड करून एक लांब फळी ठोकलेली. तिच्यासमोर उंच बैठका, आणि त्यांवर एकमेकांस खांदा लागेल इतक्या जवळ बसलेली माणसे. एका बाजूस मुंबईचे तरुण जोडपे होते, दुसऱ्या बाजूस वडगावकडील एक गृहस्थ आपल्या मुलीस घेऊन आले होते. कोणी कोणाचे नाव, गाव वा कूळ विचारले नाही. प्रत्येकापुढे आपापला वाडगा आला, आणि बाहेर कोसळणाऱ्या पावसात त्या वाफाळत्या रसाचे भुरके सर्वांनी एकाच वेळी घेतले. पदार्थ रुचला, हे आरंभीच नमूद करतो. परंतु आमच्या कुतूहलाचा विषय त्याची चव हा नव्हता. परान्नाच्या एवढ्या धाकात वाढलेला आपला समाज इतक्या निर्धास्तपणे अनोळखी माणसांच्या खांद्याला खांदा लावून बसला, तो कोणत्या वाटेने येथवर आला, हा खरा प्रश्न आहे. आणि त्या वाटेचा बराच मोठा भाग बोरघाटातूनच जातो.

प्रथम त्या पाहुण्याची ओळख करून घेऊ. रामेन म्हणजे गव्हाच्या लांब शेवया, दीर्घ वेळ उकळलेल्या सुवासिक रसात घातलेल्या. वर अर्धवट उकडलेले अंडे, कांद्याची पात, समुद्रशैवालाचे पापुद्रे, मांसाचे काप. आणि शाकाहारी मंडळींसाठी अळंबी व सोयाबीनच्या दुधाचे पनीर. या शेवयांच्या पिठात क्षारयुक्त पाणी घालतात. त्यानेच त्यांस पिवळसर रंग आणि तो लवचीक चिवटपणा येतो. आपल्या गृहिणींस हे रहस्य नवीन वाटू नये, कारण पापडाच्या पिठात पापडखार घालण्याची युक्ती याच जातीची आहे. शेवयाही आपणांस परक्या नाहीत. पाटावर वळलेल्या शेवया, गव्हाच्या चिकाच्या कुरडया, गव्हले, नखुले, आणि तळकोकणात नारळाच्या गोड रसात बुडवून खावयाच्या तांदळाच्या शिरवळ्या, हा सर्व एकाच घराण्याचा विस्तार आहे.

ज्यास आपण जपानी म्हणतो तो हा पदार्थ खुद्द जपानातही एके काळी परान्नच होता, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. १८५९ मध्ये योकोहामा बंदर परकीय व्यापारास खुले झाले आणि तेथे चिनी लोकांची वस्ती झाली. त्यांच्या शेवयांस जपानी लोक प्रथम नानकिंगच्या शेवया म्हणत, पुढे चिनी शेवया म्हणू लागले. रामेन हे नाव मागाहून रूढ झाले. १९१० मध्ये टोकियोच्या आसाकुसा भागात रायरायकेन नावाचे भोजनगृह निघाले. त्याचा मालक जपानी होता, पण आचारी त्याने योकोहामातील चिनी वस्तीतून आणविले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर दुष्काळाने गांजलेल्या जपानात अमेरिकेचा गहू येऊन पडला, तेव्हा हातगाड्यांवर विकला जाणारा हा वाडगा श्रमिकांचा आधार ठरला. पुढे १९५८ मध्ये आंदो मोमोफुकू याने उकळते पाणी ओतताच तयार होणाऱ्या वाळविलेल्या शेवया काढल्या, आणि त्या पदार्थाने जग पादाक्रांत केले. आंदोचा जन्मही तैवानमधला. सारांश, ज्यास एखाद्या राष्ट्राचे स्वतःचे अन्न म्हणावे, त्याचे मूळ शोधू गेल्यास तेथे बहुधा शेजाऱ्याची चूल सापडते.

आता मावळाकडे वळू. या प्रांताच्या नावाचा सर्वांत जुना उल्लेख सापडतो तो अन्नदानाच्या एका प्रकरणातच सापडतो, हा योगायोग मोठा गोड आहे. कार्ल्याच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. वालुरक येथील लेण्यांत वर्षावास करणाऱ्या प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी त्याने करजिक नावाचे गाव दिले, आणि हे दान चारही दिशांकडून येणाऱ्या संघासाठी आहे असे त्यात नमूद केले. पुढे राज्य सातवाहनांकडे आले, तेव्हा त्यांनीही अशाच दानाची आज्ञा मामाल येथील अमात्यास पाठविली. हे मामाल म्हणजेच आपले मावळ, असे विद्वान मानतात. त्याच चैत्यगृहातील स्तंभांवर धेनुकाकट येथील यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. म्हणजे सुमारे १९०० वर्षांपूर्वी शक घराण्याचा एक जावई, कोठकोठचे भिक्षू आणि यवन व्यापारी या एकाच डोंगरावर एका व्यवस्थेत बांधले गेले होते. भर पावसात वाट चालणे अशक्य, म्हणून भिक्षूंनी एका जागी राहावे व गावाने त्यांस अन्न द्यावे. आणि ते घेणारा कोणत्या दिशेकडून आला हे विचारू नये, असा तो नियम होता. हाच धर्म पुढे चीनवरून जपानास गेला आणि तेथील मठांतून निर्मांस भोजनाची एक संपूर्ण पाकपरंपरा निर्माण झाली. लोणावळ्यात अळंबीचा रस पिणाऱ्या शाकाहारी गृहस्थास याची कल्पना नसते, पण त्याच्या वाडग्यातील रीतीचा एक दूरचा धागा कार्ल्याच्या डोंगराशी जाऊन पोहोचतो.

मध्यंतरीच्या शतकांत घाट तोच राहिला, पण अन्नाचे नियम पार बदलले. प्रवाशाने शिधा बरोबर घ्यावा, मुक्कामावर तीन दगडांची चूल मांडावी आणि आपल्या हाताने शिजवून खावे, अशी रीत पडली. वाटेत चूल मांडणे न जमल्यास दशम्या होत्या. पाण्याऐवजी दुधात भिजविलेल्या पिठाची भाकरी प्रवासात ओवळी होत नाही, ही तोड कोणी काढली कोण जाणे. पण शास्त्र आणि पोट यांचा तंटा तिने पुष्कळ वर्षे मिटविला. १८३० मध्ये गव्हर्नर माल्कम याने बोरघाटातील गाडीरस्ता खुला केला, तरी दशमी सुटली नाही. गाडी मोठी झाली, चूल मात्र आपापलीच राहिली.

खरी क्रांती आगगाडीने केली. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला. घाटाखाली खोपोलीपर्यंत गाडी त्यापूर्वीच येत होती. मधला घाट प्रवाशांनी पालखीत बसून वा तट्टावरून ओलांडावा लागे. पायथ्यापासून माथ्यापर्यंत सुमारे १६ मैलांचा, २५ बोगद्यांचा तो मार्ग १८६३ मध्ये पुरा झाला. कामाच्या ऐन भरात, १८६१ मध्ये, ४२,००० मजूर त्यावर खपत होते आणि पटकीने त्यांतील किती तरी दगावले. लोणावळ्याची चिक्की प्रथम या मजुरांसाठी केलेल्या गूळदाण्यातून निघाली, अशी दंतकथा सांगतात. कथेचा खरेखोटेपणा बाजूस ठेवू. तिच्यातील मर्म मात्र खरे आहे. गूळदाणा कोरडा, त्यास पाणी लागत नाही व तो विटाळत नाही, म्हणून तो कोणीही कोणाच्याही हातून घ्यावा. परान्नाच्या किल्ल्यास पहिली खिंडारे अशा कोरड्या पदार्थांनीच पाडली.

डब्यात मात्र रेल्वेने कोणास सोवळे राहू दिले नाही. तिकिटाचे पैसे देणारा कोणीही शेजारी येऊन बसू लागला. त्यावर उपाय म्हणून स्थानकांवर ‘हिंदू पाणी’ व ‘मुसलमान पाणी’ यांचे घडे वेगळे झाले, आणि फराळाच्या खोल्याही धर्मपरत्वे निराळ्या निघाल्या. हे वेगळे घडे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यापर्यंत टिकले. यंत्राने माणसे एकत्र आणावी आणि माणसांनी पाण्याच्या घड्यापाशी पुन्हा वेगळे व्हावे, असा तो विचित्र काळ होता.

या काळातील सर्वांत प्रसिद्ध परान्न म्हणजे पुण्याच्या पंचहौद मिशनमधला चहा. १८९० मध्ये गोपाळराव जोशी यांनी पुण्यातील प्रमुख मंडळींस तेथे व्याख्यानास बोलाविले. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी घेतली, कोणी नुसता पेला हाती धरला, कोणी तोही टाळला. नंतर गोपाळरावांनी उपस्थितांची यादी ‘पुणेवैभव’ पत्रात छापविली आणि एकच गहजब झाला. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक, दोघांचीही नावे तीत होती. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, शास्त्र्यांनी चौकशी केली व प्रायश्चित्त ठरविले. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानडे यांनी १८९२ मध्ये ते घेतले. त्या सुट्टीत रानड्यांचे बिऱ्हाड लोणावळ्यास होते. तेथून पुण्यास जाऊन त्यांनी प्रायश्चित्त केले, ही हकीकत रमाबाईंच्या आठवणींत आली आहे. हायकोर्टात बसण्याच्या योग्यतेचा हा पुरुष एका चहाच्या पेल्यासाठी लोणावळ्याहून गाडीत बसून शुद्ध व्हावयास गेला! त्यास भित्रा म्हणणे सोपे आहे. पण प्रायश्चित्त न घेणाऱ्याच्या घरी श्राद्धास ब्राह्मण मिळत नाही, मुलीचे लग्न अडते, सोयरे पाठ फिरवितात, हे ज्यास ठाऊक आहे तो त्यांस एकदम दोष देणार नाही. एका पेल्याची ती किंमत होती.

याच सुमारास जपानात काय चालले होते, हे पाहण्याजोगे आहे. तेथेही आहाराचे निर्बंध आपल्याइतकेच जुने. ६७५ मध्ये सम्राट तेम्मूने गाय, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडी यांचे मांस खाण्यास बंदी केली होती, आणि बौद्ध संस्कारांमुळे मांसाहाराविषयीचा संकोच पुढे शतकानुशतके टिकला. १८७२ मध्ये सम्राट मेइजीने स्वतः गोमांस खाल्ल्याचे जाहीर करण्यात आले. त्याने संतापलेल्या काही तपस्व्यांनी राजवाड्यात घुसण्याचा प्रयत्न केला व त्यात काहींचे प्राणही गेले. तथापि राजा जेवला होता. प्रजेसही वाट मोकळी झाली. ते अन्न योग्य की अयोग्य, हा वाद येथे आम्हांस घालावयाचा नाही. जपानात आहाराचा बदल राजाच्या ताटातून खाली उतरला, एवढेच दाखवावयाचे आहे.

आपल्याकडे राज्य परक्यांचे. त्यांच्या चहाने आपण बाटतो, असाच आक्षेप होता. मग त्यांच्या ताटातून आपणांस वाट कोठून मिळणार? तरीही एक राजा असा झाला. कोल्हापुरास गंगाराम कांबळे या अस्पृश्य गृहस्थास शाहू छत्रपतींनी चहाचे दुकान काढून देण्यास साह्य केले आणि स्वतः लवाजम्यासह तेथे जाऊन चहा घेतला. राजा पितो म्हटल्यावर बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांसही प्यावा लागला. मेइजीच्या ताटापेक्षा शाहूंचा हा पेला आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. सम्राटाने काय खावे हे बदलले. छत्रपतींनी कोणाच्या हातचे घ्यावे हे बदलले. आपल्या समाजाचे दुखणे दुसऱ्या प्रकारचे होते, म्हणून औषधही दुसरे लागले. पुढे १९३३ मध्ये रत्नागिरीस सावरकरांनी सर्व जातींसाठी अखिल हिंदू उपाहारगृह काढले, तेही याच मालिकेतले.

परंतु असे प्रसंग विरळा. बाकी महाराष्ट्रात हा बदल कोणाच्या आज्ञेने वा निश्चयाने न होता गुपचूप झाला. मुंबई-पुण्यास इराण्यांची दुकाने निघाली. संगमरवरी मेजावर चहा व ब्रूनमस्का कोणाही पुढे ठेवण्यात येई. गिरणगावात खाणावळी निघाल्या, मागून उडुपी मंडळी आली. विद्यार्थी, कारकून आणि गिरणीकामगार यांस घरापासून दूर राहावे लागे, आणि भुकेने शास्त्रार्थ केला नाही. १९३० मध्ये डेक्कन क्वीन सुरू झाली; तीत भोजनाचा डबाच जोडलेला. ज्या लोणावळ्याहून रानडे एका चहासाठी प्रायश्चित्त घेण्यास गेले, त्याच लोणावळ्यावरून ४० वर्षांच्या आत पुणेकर गृहस्थ धावत्या गाडीत चहा पीत जाऊ लागले, आणि त्यांची यादी छापण्याचे कोणास सुचले नाही.

यातच एक मोठी फसगत आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने ती झाकू नये. ही गुपचूप सुधारणा सर्वांच्या वाट्यास सारखी आली नाही. उच्चवर्णीय गृहस्थास इराण्याकडे चोरून चहा पिता येत असे. अस्पृश्यास उघडपणेही मिळत नसे. गावोगावच्या हॉटेलांत त्यांच्या कपबशा वेगळ्या, बहुधा बाहेर ठेवलेल्या असत, आणि त्या त्यांनीच धुवावयाच्या असत. १९२७ मध्ये महाडास तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तेथे चहाची काय कथा! म्हणून डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेल्या राज्यघटनेत, धर्म, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणासही दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांत प्रवेश नाकारता येणार नाही, असे १५ व्या अनुच्छेदात स्पष्ट लिहावे लागले. जगातील किती राष्ट्रांना आपल्या मूलभूत हक्कांत उपाहारगृहाचे नाव घालावे लागले असेल? आपणांस घालावे लागले, यातच आपला इतिहास आला. त्याच आंबेडकरांनी मावळात तळेगाव दाभाडे येथे बंगला घेतला होता, आणि जवळच देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली. कार्ल्याच्या शिलालेखातील चारी दिशांचा संघ १८ शतके फिरून जणू पुन्हा त्याच खोऱ्यात आला.

जपानकडेही मावळाने पूर्वीच पाहिले होते. १९०५ मध्ये जपानने रशियास नमविले तेव्हा महाराष्ट्रास केवढा हुरूप आला! अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावास काचेचा कारखाना निघाला. तेथे जपानात व पुढे अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी काम उभे केले. महर्षी कर्वे यांस जपानी महिला विद्यापीठाची पुस्तिका मिळाली आणि तिच्या वाचनातून १९१६ मध्ये आपले महिला विद्यापीठ निघाले. म्हणजे जपानकडून आपण प्रथम विद्या घेतली, मग यंत्रे घेतली. चाकण-तळेगावच्या कारखान्यांबरोबर माणसे आली, आणि अन्न सर्वांत शेवटी आले. हा क्रमही बोलका आहे. परक्याचे ज्ञान आपण लवकर पचवितो. त्याचे जेवण पचविण्यास आपणांस शतक लागते.

मध्यंतरी १९८३ मध्ये झटपट शेवयांचे मॅगी हे पाकीट आपल्या घराघरांत शिरले आणि मुलांची जीभ तयार करून गेले. २००२ मध्ये द्रुतगती महामार्ग पुरा झाला, आणि शनिवार-रविवारी दोन्ही शहरे लोणावळ्यावर उतरू लागली. भुशीच्या धरणापाशी भाजलेले कणीस आणि भजी, टायगर पॉइंटवर धुक्यात शिजणारी मॅगी, आणि आता गावात रामेन. ज्या मावळचा आंबेमोहोर एके काळी पुण्याच्या घराघरांत दरवळत असे आणि ज्याच्या वडगाव येथील संशोधन केंद्रातून इंद्रायणी तांदूळ निघाला, त्या भाताच्या प्रांतात गव्हाच्या शेवयांनी दुकान मांडावे, याचे काहींस वाईट वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. चहा आणि बटाटाही असेच आले. मिरचीवाचून तर आता आपले पान हलत नाही, आणि तीही पोर्तुगीजांबरोबर आली. आंबेमोहोरास धोका रामेनचा नाही. भातखाचरांचे भूखंड पाडून विकणाऱ्यांचा आहे.

आमची चिंता निराळी आहे. उपाहारगृहात जात विचारली जात नाही, कारण तेथे पैसा विचारला जातो. रामेनच्या एका वाडग्याच्या किमतीत दोघातिघांचे साधे जेवण व्हावे. तेव्हा त्या फळीवर बसलेली माणसे अनोळखी असली तरी एका ऐपतीची असतात. दुसरे असे की, बाहेर कोणाच्याही खांद्याला खांदा लावून जेवणारा गृहस्थ घरी परतल्यावर भाडेकरूचे आडनाव विचारून मगच खोली देतो, आणि स्वयंपाकाच्या बाईची जात पाहतो. प्रायश्चित्ताचे भय गेले, पण पंक्तीचा हिशेब उंबरठ्याच्या आत अजून चालू आहे. जो बदल आपण कधी ठरवून केलाच नाही, तो आपल्या सोयीपुरताच राहिला. रानड्यांनी निदान आपल्या वर्तनाचा जाहीर हिशेब दिला होता. आपण तोही देत नाही.

म्हणून आमचे तरुण वाचकांस इतकेच सांगणे आहे. रामेन अवश्य खावा; त्यात मोठे कौशल्य आहे आणि पावसाळी हवेस तो पथ्यकरही आहे. मात्र परान्न खाण्याचे धैर्य आपणांस फुकट मिळालेले नाही. कोणी त्यासाठी बहिष्काराचे भय सोसले, कोणी अपमान गिळले, कोणी पाण्यासाठी मार खाल्ला, हे विसरू नये. त्या ऋणाची फेड भोजनगृहाचे बिल चुकवून होत नाही. ती होईल आपल्या घरच्या पानावर चारी दिशांच्या पाहुण्यास, त्याचे कूळ न विचारता, बसविल्याने. कार्ल्याच्या डोंगरावर जे दगडात कोरून ठेवले आहे, ते मावळातील माणसाने आपल्या माजघरात अद्याप लिहावयाचे आहे.